बाळाचे डोस आणि बाळाचं पहिलं वर्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर, आशाताईंच्या फोनवर आणि घरच्या व्हॉट्सॲप गटांवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे आहेत. तुमच्या बाळाला जन्मतः काही आजार असेल, तर इथलं वाचून निर्णय घेऊ नका. बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

१. अर्भक मृत्यू दर म्हणजे काय? बालमृत्यू दर वेगळा असतो का?

वेगळा असतो. वर्षभरात जिवंत जन्मलेल्या दर १,००० बाळांमागे किती बाळं वर्षाची होण्याआधी दगावली, तो अर्भक मृत्यू दर. पाच वर्षांच्या आतली सगळी मुलं धरली की बालमृत्यू दर, आणि पहिल्या २८ दिवसांतली बाळंच धरली की नवजात मृत्यू दर. बातम्यांत या तिन्हींची सर्रास सरमिसळ होते. मग एकाच जिल्ह्याचे दोन आकडे वाचून कोणीतरी खोटं बोलतंय असं वाटू लागतं.

१९७१ साली देशाचा अर्भक मृत्यू दर १२९ होता, म्हणजे जवळजवळ आठांतलं एक बाळ पहिल्या वर्षात जात होतं. नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०२० साली तो २८ होता. त्या वर्षी महाराष्ट्राचा १६, केरळचा ६ आणि मध्य प्रदेशाचा ४३ होता. २०२३ मध्ये देशाचा आकडा २५ वर आला.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. २०२० च्या त्या २८ मृत्यूंपैकी २० पहिल्या २८ दिवसांतले होते. प्रश्न १७ समजायला तो लागेल.

२. मृत्यू कमी झाले ते लसींमुळेच कशावरून? पाणी, शौचालयं, दवाखाने, शिक्षण हेही वाढलंच की.

वाढलंच, आणि त्याचाही वाटा आहे. दवाखान्यातली बाळंतपणं, जुलाबात ओआरएस, न्यूमोनियात वेळेवर मिळणारं औषध, आईचं शिक्षण, पहिल्या तासात सुरू झालेलं अंगावरचं दूध, या सगळ्यांनी बाळं वाचवली. सगळं श्रेय लसींना देणारे लेख मलाही पटत नाहीत.

पण लसींचा वाटा वेगळा काढता येतो, आणि तो थोडाथोडका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७४ मध्ये सुरू केला. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०२४ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्याच्या अंदाजाप्रमाणे या काळात लसींनी जगभरात सुमारे १५ कोटी ४० लाख जीव वाचवले. त्यांतली १० कोटींहून अधिक वर्षाच्या आतली बाळं होती. जगाचा अर्भक मृत्यू दर जेवढा घटला, त्यातली ४० टक्के घट लसींमुळे झाली असं या अभ्यासात निघालं. एकट्या गोवराच्या लसीच्या नावावर ९ कोटी ४० लाख जीव आहेत.

दुसरा पुरावा उलट्या बाजूने येतो. पाणी, शौचालयं, दवाखाने सगळं जागच्या जागी असताना फक्त लस थांबली तर काय होतं, हे जपानने पाहिलं आहे. ती हकिकत प्रश्न १६ मध्ये आहे.

३. सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या लसी? आमची पोरं जगलीच ना!”

जगली ती सांगायला आहेत. सासूबाईंनाच शांतपणे विचारा: तुम्ही किती भावंडं होतात, आणि किती वाढली? त्या पिढीतल्या बहुतेक घरांत ‘एक गेलं’, ‘दोन गेली’ हे उत्तर निघतं. आजार विचारला तर घटसर्प, डांग्या खोकला, गोवर, धनुर्वात, ‘हगवण लागली’, ‘छाती भरली’ हीच नावं येतात. यांतल्या बहुतेकांवर आज कार्डावर एक रकाना आहे.

आणि लसी अगदीच नव्हत्या असंही नाही. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. भारतातली ती पहिली. सासूबाईंच्या दंडावर देवी काढल्याचा वण असेल, तर त्या स्वतःही लस घेतलेल्याच आहेत. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, म्हणून तुमच्या दंडावर तो वण नाही.

४. सरकारी दवाखान्यात कोणत्या लसी केव्हा देतात?

सध्याचं वेळापत्रक असं आहे. सगळं मोफत.

- जन्मल्यावर: बीसीजी (क्षयाविरुद्धची लस), पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत कावीळ ब ची लस.
- दीड महिना (६ आठवडे): पेंटा, तोंडी पोलिओ, रोटा, पीसीव्ही आणि पोलिओचं इंजेक्शन.
- अडीच महिने (१० आठवडे): पेंटा, तोंडी पोलिओ, रोटा.
- साडेतीन महिने (१४ आठवडे): पेंटा, तोंडी पोलिओ, रोटा, पीसीव्ही आणि पोलिओचं इंजेक्शन.
- नऊ महिने पूर्ण: गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन (हे २०२३ पासून आलं) आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. ठरावीक जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लसही.
- १६ ते २४ महिने: गोवर-रुबेला दुसरा डोस, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ बूस्टर.
- पुढे ५ ते ६ वर्षांना त्रिगुणीचा दुसरा बूस्टर, १० आणि १६ वर्षांना टीडी (धनुर्वात आणि घटसर्प).

पेंटामध्ये पाच आजार येतात: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा एक जंतू). रोटा ही एका विषाणूमुळे होणाऱ्या जोरदार जुलाबांवरची लस आहे. ती येण्याआधी त्या जुलाबांनी देशात दरवर्षी पाच वर्षांखालची अंदाजे ७८ हजार मुलं दगावत. पीसीव्ही न्यूमोकोकस जंतूवर, म्हणजे न्यूमोनिया आणि मेंदूज्वरावर आहे. हिब आणि पीसीव्ही मिळून बाळाच्या छातीचं पुष्कळ संरक्षण करतात.

५. दीड महिन्याचं बाळ केवढंसं असतं! थोडं अंग धरू दे, मग टोचलं तर काय बिघडतं?

बिघडतं. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मी हाच मानतो.

बाळ जितकं लहान, तितका आजार जिवावर बेतण्याचा धोका मोठा. डांग्या खोकला पाच वर्षांच्या मुलाला महिना-दोन महिने छळेल. दोन महिन्यांचं बाळ मात्र खोकतही नाही, त्याचा श्वासच थांबतो. या आजाराने जाणारी बाळं मुख्यतः तीन महिन्यांखालची असतात. हिब आणि न्यूमोकोकसचे गंभीर आजारही पहिल्या वर्षात अधिक होतात. आईकडून गर्भात मिळालेलं संरक्षण महिन्यागणिक ओसरत जातं आणि बाळाचं स्वतःचं तयार व्हायला दोन-तीन डोस लागतात. ही मधली फट जितकी अरुंद ठेवता येईल तितकी ठेवायची, म्हणून सुरुवात दीड महिन्याला.

‘पूर्ण लसीकरण’ या सरकारी आकड्यात ही गोष्ट दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचं पूर्ण लसीकरण देशात २०१५-१६ साली ६२ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७६ टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रातही अशीच मोठी वाढ झाली. आनंदाचीच गोष्ट आहे. पण एका बाळाला पेंटाचे तीन डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळाले आणि दुसऱ्याला सात, नऊ आणि अकरा महिन्यांना, तरी पाहणीत दोघांपुढे सारखीच टिकमार्क पडते. दुसरं बाळ धोक्याचे सगळे महिने उघड्यावर काढून आलेलं असतं. ते वाचलं हे त्याचं नशीब. आढावा बैठकीत टक्केवारीइतकंच ‘कितव्या आठवड्यात?’ हेही विचारलं गेलं, तर अर्भक मृत्यूंचं चित्र जास्त स्पष्ट दिसेल.

तेव्हा अंग धरण्याची वाट पाहू नका. दीड महिना भरला की त्याच आठवड्यातलं लसीकरण सत्र गाठा.

६. मग गोवराची लस नऊ महिन्यांपर्यंत का थांबवतात? ती पण आधीच द्या.

इथे आईचं संरक्षणच आड येतं. गोवराविरुद्ध आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारे घटक) बाळाच्या रक्तात असताना लस टोचली, तर ती लस रुजण्याआधीच निकामी होते. नऊ महिन्यांना दिल्यास सुमारे ८५ टक्के बाळांत ती रुजते, वर्षानंतर दिल्यास ९५ टक्क्यांच्या आसपास. तरीही आपण वर्षापर्यंत थांबत नाही, कारण आपल्याकडे गोवर त्याआधीच बाळाला गाठतो. उरलेली कसर दुसरा डोस भरून काढतो, म्हणून तो ‘जादाचा’ समजून सोडू नका.

साथ असली की नियम बदलतो. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी भागात, तसंच भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला. रुग्णांत नऊ महिन्यांखालची बाळंही होती. तेव्हा साथीच्या भागांत सहा महिन्यांपासूनच्या बाळांना एक शून्य डोस द्यायला सांगितलं गेलं. तो मोजणीत धरायचा नसतो. नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाचा डोस ठरल्याप्रमाणे घ्यायचाच.

“गोवर काय, देवीची माया, आपोआप जातो,” असं अजून ऐकू येतं. अंगावरचा पुरळ जातो. पण गोवराचा विषाणू शरीराने इतर आजारांविरुद्ध आधी जमवलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, आणि पुढचे कित्येक महिने मूल न्यूमोनिया आणि जुलाबांना सहज बळी पडतं. गोवराच्या लसीमुळे इतके जीव का वाचले, त्याचं एक कारण हे आहे.

७. एकाच दिवशी तीन इंजेक्शनं आणि दोन तोंडी औषधं. बाळाला झेपतं का?

झेपतं. जन्मल्यापासून बाळाच्या अंगाला, तोंडाला, आतड्याला रोज असंख्य जंतूंची ओळख होत असते. त्या मानाने लसीतलं काम किरकोळ आहे. एका मांडीत पेंटा, दुसरीत पीसीव्ही आणि उजव्या दंडावर कातडीच्या थरात पोलिओ, अशा जागा ठरलेल्या आहेत. ‘आज एक द्या, बाकीची पुढच्या महिन्यात’ असं केलं की बाळाचं रडणं वाटून दिलं जातं आणि प्रश्न ५ मधली फट रुंदावते.

८. बाळाला सर्दी आहे, अंग कोमट लागतंय, दात येताहेत. डोस पुढे ढकलायचा का?

नाही. सर्दी, किरकोळ खोकला, बारीक ताप, थोडे जुलाब, चालू असलेलं अँटिबायोटिक, यांपैकी कशासाठीही लस थांबवायची नसते. जोराचा ताप असेल किंवा बाळ दवाखान्यात भरती असेल तरच थांबायचं, आणि बरं झाल्यावर लगेच द्यायची.

कुपोषित बाळाला ‘अशक्त आहे, सोसणार नाही’ म्हणून परत पाठवणं तर उफराटा न्याय झाला. सॅम-मॅममधल्या (तीव्र आणि मध्यम कुपोषित) बाळांना गोवर आणि जुलाब सगळ्यांत जास्त मारतात. लस त्यांना आधी हवी.

९. डोसनंतर ताप आला, मांडीला गाठ आली. घाबरायचं का?

पेंटानंतर एक-दोन दिवस ताप, चिडचिड, टोचल्या जागी सूज आणि लाली हे नेहमीचं आहे. पॅरासिटामॉल द्यायचं ते बाळाच्या वजनावर. किती थेंब, हे सिस्टरकडून तिथेच विचारून घ्या. शेजारच्या बाळाचा डोस आपल्या बाळाला नको. ताप येण्याआधीच ‘खबरदारी’ म्हणून पाजत बसायची गरज नाही. टोचल्या जागी हळद, तेल, चुना, बर्फ, काहीही चोळू नका. दूध अधिक वेळा पाजा. मांडीतली कडक गाठ काही आठवडे राहू शकते आणि आपोआप विरते.

बीसीजीचं वेगळं आहे. दोन ते सहा आठवड्यांनी डाव्या दंडावर फोड येतो, फुटतो, खपली धरतो आणि वण राहतो. हे अपेक्षितच आहे. वण उमटला नाही तरी पुन्हा टोचायची गरज नसते. काखेत मोठी गाठ आली तर मात्र दाखवा. गोवर-रुबेलानंतर साधारण सात ते बारा दिवसांनी हलका ताप आणि पुरळ येऊ शकतो.

लगेच दवाखाना गाठायचा तो यासाठी: आकडी, तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, बाळ मलूल पडणं, दूध न ओढणं, श्वासाला त्रास, अंगभर गांधी. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांत एखादी इतकी दुर्मीळ आहे, पण ती झाली तर मिनिटांत होते. म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात. एसटी चुकेल म्हणून उठू नका.

१०. मधला डोस चुकला. आता पहिल्यापासून सगळं?

नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. अंतर कितीही पडलं तरी आधीचे डोस वाया जात नाहीत. राहिलेले डोस त्या त्या लसीच्या ठरलेल्या अंतराने (पेंटा, रोटाला किमान चार आठवडे) पुरे करायचे.

वयाच्या काही मर्यादा मात्र आहेत. बीसीजी एक वर्षापर्यंत. पेंटा, रोटा आणि पीसीव्ही यांची सुरुवात एक वर्षाच्या आत व्हायला हवी. एक तरी डोस वर्षाच्या आत झाला असेल तर उरलेले नंतरही देतात. वर्ष उलटलं आणि पेंटा मुळीच नाही, तर पेंटाऐवजी त्रिगुणी मिळते, सात वर्षांपर्यंत. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत, महिन्याच्या अंतराने दोन डोस. “आता मोठं झालं, राहू दे,” असं स्वतःच ठरवू नका.

११. सिस्टर म्हणाल्या, “बाटली उघडली तर वाया जाईल, पुढच्या वेळी या.” हे बरोबर आहे का?

कारण खरं आहे, निर्णय चुकीचा आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेला या पावडरच्या लसी द्रावणात कालवल्या की चार तासांत वापराव्या लागतात, उरलेल्या टाकाव्या लागतात. एका बाटलीत अनेक बाळांचे डोस असतात, म्हणून हात आखडतो. पण एकच बाळ आलं तरी बाटली उघडावी, वाया गेलेले डोस चालतील, बाळ परत जाता कामा नये, असं कार्यक्रमाचं धोरण आहे. तुम्ही हे नम्रपणे सांगू शकता. जमलं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

१२. सरकारी लस की खासगी? तिथे ‘पेनलेस’ मिळते म्हणे.

जीव वाचवणाऱ्या लसींच्या बाबतीत सरकारी कार्यक्रम कशातही कमी नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या लसी उपकेंद्रातही असतात आणि परदेशातही जातात.

‘पेनलेस’ लसीत डांग्या खोकल्याचा जंतू अख्खा न घेता त्याचे काही भाग घेतलेले असतात. त्यामुळे ताप आणि सूज कमी येते. सुई टोचायची ती टोचतेच, त्यामुळे नाव थोडं फसवं आहे. अख्ख्या जंतूच्या लसीचं संरक्षण मात्र जास्त टिकतं. तेव्हा परवडत नाही म्हणून कोणी मन खट्टू करायचं कारण नाही. खासगीत गालगुंड, कांजिण्या, कावीळ अ, टायफॉइड, फ्लू यांच्या लसीही मिळतात. ऐपत असेल तर घ्याव्यात, पण मूळ वेळापत्रक सांभाळून. काही डोस इकडे आणि काही तिकडे घेतले तरी चालतं. नोंद मात्र एकाच कार्डावर ठेवा.

१३. आम्ही ऊसतोडीला जातो. डोस मध्येच येतो, काय करायचं?

ऑगस्टमध्ये जन्मलेलं बाळ घ्या. दीड महिन्याचा डोस गावात होतो. मग मुकादम गाडी आणतो, टोळी निघते आणि साडेतीन महिन्यांचा डोस फडावर येतो. गावातली आशाताई ‘स्थलांतरित’ लिहून मोकळी होते आणि कारखान्याकडच्या आशाताईच्या यादीत ही खोपी नसतेच. बाळ दोन्ही वह्यांच्या मधून निसटतं. वीटभट्टी, बांधकाम, दगडखाण, मेंढपाळांचे वाडे इथेही हेच होतं. लसीकरणात मागे राहिलेली मुलं शोधायला निघालं, तर डोंगरातल्या पाड्याइतकीच ती साखर कारखान्याच्या तळावर सापडतील.

हक्काची गोष्ट ही, की देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात तुमच्या बाळाला लस मिळते. रेशनकार्ड, स्थानिक पत्ता, आधार यांवाचून अडवता येत नाही. निघताना कार्ड सोबत घ्या आणि त्याचा फोटो दोन फोनमध्ये ठेवा. तळावर पोचल्यावर पहिल्या बाजाराच्या दिवशीच जवळच्या केंद्रात नाव सांगून या. नोंद यू-विन या सरकारी ऑनलाइन लस-नोंदणीवर झाली असेल तर मोबाईल नंबरावरून दुसऱ्या जिल्ह्यातही दिसते. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलींनाही हे सगळं लागू आहे.

कार्ड हरवलं आणि कुठेच नोंद सापडली नाही, तर? लस पुन्हा दिल्याने अपाय होत नाही. न दिल्याने होऊ शकतो. वयानुसार काय द्यायचं ते केंद्रातले डॉक्टर ठरवतील (प्रश्न १० पाहा).

१४. पोलिओ तर देशातून गेला. मग थेंब आणि वर इंजेक्शनही कशाला?

भारतातला जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, आणि विषाणूला पासपोर्ट लागत नाही. थेंब आतड्यात संरक्षण उभं करतात, इंजेक्शन रक्तात. दुसऱ्या प्रकाराचा विषाणू जगातून गेल्यामुळे एप्रिल २०१६ पासून तो थेंबांतून काढला आहे. त्याच्याविरुद्धचं संरक्षण आता फक्त इंजेक्शन देतं. म्हणून दोन्ही.

पल्स पोलिओच्या रविवारी थेंब मिळाले तरी वेळापत्रकातले थेंब चुकवायचे नाहीत.

१५. बाळ कमी दिवसांचं आहे, काचेच्या पेटीत होतं. त्याच्या लसी उशिरा?

वय जन्मतारखेपासूनच मोजायचं. ‘दोन महिने आधी आलं म्हणून दोन महिने उशिरा’ असं नसतं. अशा बाळांना आईकडून संरक्षण कमी मिळालेलं असतं, कारण ते मुख्यतः शेवटच्या आठवड्यांत मिळतं. त्यांना वेळेवर लस मिळण्याची निकड उलट जास्त आहे. बीसीजी बाळ स्थिर झाल्यावर, बहुधा घरी सोडताना देतात. डिस्चार्ज कार्डावर ती नोंदली आहे का ते पाहून घ्या.

आईला कावीळ ब असेल तर बाळाला पहिल्या १२ तासांत लस आणि त्यासोबत तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही हवं. जन्मताना संसर्ग झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत तो आजार कायमचा राहतो. आई एचआयव्हीबाधित असेल तर बहुतेक लसी नेहमीसारख्याच मिळतात. बीसीजी आणि गोवर-रुबेला या जिवंत लसींबाबत एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीवर उपचार देणाऱ्या केंद्राच्या) डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा.

१६. आमच्या शेजारच्या गावात डोस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी बाळ गेलं. आता कोणी टोचून घेत नाही.

ज्या घरातलं बाळ गेलं, त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. त्यांना उत्तर मिळायला हवं. लसीनंतर झालेल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी जिल्हा पातळीवर व्हावी लागते. शवविच्छेदनाला नाही म्हणू नका, कारण त्यावाचून कारण कळत नाही.

दोन ते सहा महिन्यांच्या वयात काही बाळं झोपेत अचानक दगावतात, न्यूमोनिया किंवा दूध श्वासात जाऊनही दगावतात. त्याच सुमारास लसींचे तीन हप्ते येतात. त्यामुळे लस आणि मृत्यू शेजारी शेजारी येण्याचे प्रसंग घडणारच. लस हेच कारण असण्याची शक्यता फार थोडी असते. माणसाच्या हातून चूक होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. मुलं वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. अशा चुका लपवल्या की अफवा वाढतात.

आता जपानची गोष्ट. तिथे त्रिगुणी लसीनंतर दोन बाळं दगावली आणि १९७५ मध्ये लस थांबवली गेली. पुढे ती मोठ्या वयात द्यायला सुरुवात झाली, पण लोकांचा विश्वास उडाला होता. १९७९ साली डांग्या खोकल्याचे १३ हजारांवर रुग्ण झाले आणि ४१ मृत्यू. देश तोच, पाणी तेच, दवाखाने तेच.

ऑटिझमचं विचाराल, तर ती शंका निर्माण करणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध आढळला नाही.

१७. आमच्या तालुक्यात लसीकरण उत्तम आहे, तरी बाळं दगावतात. मग उपयोग काय?

प्रश्न १ मधला आकडा आठवा: २८ पैकी २० मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले. कमी दिवसांचं बाळ, जन्मताना न रडलेलं बाळ, रक्तात जंतू पसरलेलं बाळ, यांच्यावर दीड महिन्याची लस काही करू शकत नाही. तिथे हवी ती गरोदरपणातली देखभाल, बाळाला ऊब, आणि धोक्याची लक्षणं ओळखणारं माणूस. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालाप्रमाणे त्या गावांतला नवजात मृत्यू दर ६२ टक्क्यांनी घटला. देशभरच्या आशाताई आज बाळंतिणीच्या घरी ज्या फेऱ्या मारतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

पहिल्या महिन्यातल्या एका मृत्यूला मात्र लसच आवरते, ती आईला दिलेली. पूर्वी विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापत, वर शेण किंवा राख लावत. आठवड्याभरात बाळाचा जबडा आवळायचा, दूध सुटायचं, आकड्या यायच्या. तो नवजात धनुर्वात. गरोदरपणातली धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांनी तो इतका मागे हटला, की २०१५ मध्ये भारतात त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. आजच्या तरुण डॉक्टरांनी तो बहुधा पुस्तकातच पाहिला असेल. गरोदर बाईचे टीडीचे डोस म्हणून चुकवायचे नाहीत.

उरलेले आठ हे लसींचं क्षेत्र. तुमच्या तालुक्यात ते आठाचे चार झाले असतील, तर तेही नजरेत भरणार नाहीत, कारण न गेलेल्या बाळाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

१८. आम्ही बाळाला घेऊन अमेरिकेला जातोय. इथले डोस तिथे चालतात?

बहुतेक चालतात. कार्डाची इंग्रजी प्रत तारखांसह सोबत ठेवा. तीन ठिकाणी अडतं. नऊ महिन्यांना दिलेला गोवराचा डोस तिथे धरत नाहीत, कारण त्यांच्या हिशेबात पहिला डोस वर्ष पूर्ण झाल्यावरचा. १ एप्रिल २०१६ नंतर पाजलेले तोंडी पोलिओचे थेंबही धरत नाहीत (कारण प्रश्न १४ मध्ये). आणि तिथे बीसीजी सरसकट देत नसल्याने, बाळाची क्षयाची त्वचाचाचणी थोडी लाल आली की शाळेतली नर्स दचकते. बीसीजी दिल्याचं आधीच सांगा.

उलट तिथे जन्मलेलं बाळ आजी-आजोबांना भेटवायला इकडे आणत असाल आणि ते ६ ते ११ महिन्यांचं असेल, तर निघण्यापूर्वी त्याला एमएमआरचा (गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा) एक जादा डोस द्यायला तिथले डॉक्टर सांगतात. तो घेऊनच या. तोही मोजणीत धरत नाहीत, वर्षानंतरचे दोन डोस वेगळे घ्यावे लागतात.